ट्यूनिंगला पडलेल्या टाळ्या (१ ऑगस्ट १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन)

तरफ

'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' या मैफलीच्या तीन रेकॉर्डींच्या पेटीतली पहिली बाजू लावली की गाणं लगेच सुरू होत नाही. आधी बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन बोलतो. आता भारतीय संगीत ऐकायचंय, ते आमच्या संगीतापेक्षा जरा गंभीर आहे, तेव्हा शांत बसून ऐका, असं तो लोकांना सांगतो. मग पंडित रविशंकर बोलतात. बांगलादेशात जे चाललंय त्याची वेदना आमच्या वादनातून तुमच्यापर्यंत पोचावी, असं काहीसं. त्यानंतर त्यांची सतार, अली अकबर खाँचा सरोद, अल्लारखाँचा तबला आणि तंबोरा जुळवायला घेतात. तारा छेडल्या जातात, खुंट्या पिळल्या जातात, तबल्यावर हातोडी पडते. सूर जुळतात, क्षणभर सगळं थांबतं आणि अख्खं सभागृह टाळ्यांचा कडकडाट करतं.

पंडितजी म्हणतात, ट्यूनिंगच तुम्हाला एवढं आवडलं असेल, तर वादन त्याहून जास्त आवडेल अशी आशा आहे.

हा किस्सा आपल्याकडे ठाऊक नाही असा गाण्यातला माणूस विरळा. सांगताना सगळे हसतात. "अमेरिकनांना कळत नाही" हेच त्याचं तात्पर्य असतं. लहानपणापासून मीही तो तसाच ऐकला. गेल्या महिन्यात मात्र ती बाजू सलग चार वेळा ऐकली आणि माझं मत पार बदललं, म्हणून हा धागा.

त्या दुपारी तिथे कोण बसलं होतं? बीटल्समधले दोघे बघायला मिळणार म्हणून आलेली विशी-पंचविशीतली पोरं. गायक बॉब डिलन येईल अशी कुजबुज ऐकून आलेली. त्यातल्या बहुतेकांनी सरोद हे वाद्य पाहिलेलंही नसणार. पण आधी शांत राहायला सांगितलं, ते शांत राहिले. चीज कुठे सुरू होते, कुठे संपते हे कळायला त्यांच्याकडे काही मार्ग नव्हता. वाजणं थांबलं तेव्हा त्यांना वाटलं, झालं. म्हणून त्यांनी मनापासून दाद दिली. मला त्यात अडाणीपणा दिसत नाही, अदब दिसते. पुढची सोळा-सतरा मिनिटं 'बांगला धुन' वाजते. ती नीट ऐका. रेकॉर्डवर मधे आरडाओरडा नाही, शिट्ट्या नाहीत. शेवटाकडे लय चढते, सतार आणि सरोदचे सवाल-जवाब रंगतात, आणि मग जो जल्लोष होतो तो योग्य जागी होतो. वीस मिनिटांपूर्वी ज्यांना सुरुवात कळली नव्हती, त्यांना शेवट बरोबर कळला.

रॉकच्या इतिहासातले मोठे क्षण कोणते, या चर्चेत या मैफलीतलं डिलनचं आगमन नेहमी येतं. माझ्या मते त्या दिवसाचा मोठा क्षण हा आहे. तुम्हाला काय वाटतं?

रेकॉर्डवाला

फार छान विषय काढलात. थोडी पार्श्वभूमी माझ्याकडून, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यांनाही धागा लागेल.

नोव्हेंबर १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानात भोला चक्रीवादळ आलं, लाखो माणसं गेली. त्यातून सावरायच्या आत २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्करी कारवाई सुरू झाली आणि निर्वासितांचे लोंढे भारतात यायला लागले. रविशंकर तेव्हा अमेरिकेत होते. त्यांना एखादा कार्यक्रम करून थोडे पैसे उभे करायचे होते. त्यांनी मित्राला, म्हणजे जॉर्जला, मदत मागितली. पुढच्या काही आठवड्यांत जॉर्जने फोन करकरून माणसं जमवली. रिंगो स्टार, एरिक क्लॅप्टन, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल, क्लाउस फोरमान, जिम केल्टनर, बॅडफिंगरची मंडळी. तिकिटं इतक्या झपाट्याने गेली की त्याच दिवशी दोन खेळ ठेवावे लागले, एक दुपारचा आणि एक रात्रीचा. दोन्ही मिळून सुमारे ४०,००० श्रोते.

त्यात जॉर्जचा स्वभाव मुळात लाजरा. ऑगस्ट १९६६ नंतर बीटल्सनी दौरेच बंद केले होते आणि मंचाच्या मधोमध उभं राहून अख्खा कार्यक्रम ओढायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. क्लॅप्टन त्या काळात हेरॉइनच्या विळख्यात होता, सरावाला आलाच नाही, आदल्या दिवशी कसाबसा न्यूयॉर्कला पोचला. डिलनचं शेवटपर्यंत नक्की नव्हतं. जॉर्जच्या गिटारवर चिकटवलेल्या गाण्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होतं. जॉर्जने मागे वळून पाहिलं तर तो गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन येत होता.

म्हणून मला डिलनचा क्षण बाजूला सारणं पटत नाही. १९६६ च्या मोटारसायकल अपघातानंतर तो लोकांसमोर मोजक्याच वेळा आला होता. त्या सभागृहातल्या पोरांसाठी तो परत येणं ही केवढी गोष्ट असेल!

काठावरचा

रेकॉर्डवाल्यांशी सहमत. ट्यूनिंगचा किस्सा गोड आहे, पण त्याने संगीताच्या इतिहासात काय बदललं? डिलन नसता तर त्या तीन रेकॉर्डी इतक्या खपल्या असत्या का? आणि खपल्या नसत्या तर पैसे कुठून आले असते? १९७३ साली वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, ते काही तंबोऱ्यासाठी नव्हे.

अबोली७१

माझा जन्म त्याच वर्षीचा, म्हणून खास लिहिते आहे.

आईच्या पेटीत मामाची पत्रं आहेत, आमच्या नगरच्या घरच्या पत्त्यावर आलेली. १९७१ च्या अखेरच्या आणि ७२ मधल्या प्रत्येक पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं एक जादा तिकीट आहे, निर्वासितांच्या मदतीचं. ते लावल्याशिवाय पत्रच जात नसे. मामा पोस्टकार्डावरसुद्धा अगदी काटकोनात तिकीट लावणारा माणूस, त्यामुळे दोन्ही तिकिटं एका ओळीत आहेत.

न्यूयॉर्कमधे कोणीतरी याच माणसांसाठी गिटार वाजवत होतं हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आपणही पाच-पाच पैसे दिलेच की गं." तिच्या बोलण्यात अभिमान होता. एक कोटी माणसं आली होती. एवढ्यांना जेवू घालायचं म्हणजे ते पाच पैसेही लागतच होते.

तरफ, तुमचा मुद्दा पटला. वेदना पोचवायची आहे असं पंडितजी म्हणाले, आणि समोरच्यांनी ऐकून घेतलं. ते ऐकून घेणं मोठं आहे.

मिंडखेच

मी सतार शिकते, सोळा वर्षं झाली, अजून शिकतेच आहे. ट्यूनिंगबद्दल थोडं.

मुख्य तारा सहा-सात, त्यात चिकारी, म्हणजे मधेमधे छेडायच्या बारीक तारा, आल्या. त्यांच्याखाली अकरा ते तेरा तरफा. त्यांना बोट लावायचं नसतं, वर सूर लागला की त्या आपोआप घुमतात. पण प्रत्येक तरफ रागाच्या सुरांप्रमाणे मिळवलेली हवी. एक जरी रेसभर उतरली तर घुमारा जातो, आणि कुठली उतरली ते शोधायला करंगळीच्या नखाने एकेक छेडत जावं लागतं. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात, वातानुकूलनाच्या झोताने चढतात. सरोदचं तर पोट कातड्याचं, तबल्याचंही तेच, हवेतल्या ओलीप्रमाणे सूर हलणार. ग्रीनरूममधे मिळवून आणलेलं वाद्य मंचावर येईपर्यंत वेगळंच बोलायला लागतं. तबलजी गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या गोफावर, हातोडीने हलके ठोके देत एकेक घर सारखं करत जातो, तेव्हा तो सतारीचा षड्ज ऐकत असतो.

आता हे वीस हजार माणसांसमोर, भलामोठा रंगमंच, समोर कॅमेरे, मागे ढीगभर अँप्लिफायर, आणि पुढे सतारिया आणि सरोदिया दोघांना एकमेकांशी तंतोतंत जुळायचंय. तिथे वाद्यं जुळली त्या क्षणाला खरंच दाद द्यावीशी वाटते. आमच्या गुरुजींकडे तंबोरा नेमका लागला, जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, खुलली की आपसूक "वाह" निघतं. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवात दोन तंबोरे जुळून एक झाले की मांडव कसा गप्प होतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. तेव्हा त्या पोरांनी चुकीच्या जागी टाळ्या वाजवल्या, हेसुद्धा मला पूर्ण मान्य नाही. जुळलेला षड्ज कानाला सुखावतोच, तो ओळखायला घराणं लागत नाही.

तरफ

मिंडखेच, हे तुम्ही लिहिलंत म्हणून धाग्याचं सार्थक झालं. मला हे जाणवत होतं पण असं मांडता आलं नसतं.

काठावरचा, काय बदललं याचं उत्तर देतो. चार वर्षं मागे जा. जून १९६७, अमेरिकेतला माँटेरेचा संगीत महोत्सव. रविवारी दुपारी रविशंकर आणि अल्लारखाँ कितीतरी वेळ वाजवतात, लोक उभे राहून दाद देतात. त्याच रात्री जिमी हेंड्रिक्स मंचावर गिटार पेटवतो. वाद्याला पाय लागला तर नमस्कार करायची ज्यांची रीत, त्या रविशंकरांना ते सहन झालं नाही आणि त्यांनी ते पुढे अनेकदा बोलून दाखवलं. मग ऑगस्ट १९६९, वुडस्टॉकचा महोत्सव. पाऊस, चिखल, आणि संगीत एकीकडे, नशा एकीकडे. त्या गर्दीनेही ते व्यथित झाले होते. ज्या तरुणाईने त्यांना डोक्यावर घेतलं, तिच्यापासूनच ते दूर जायला लागले होते.

१९७१ चा तो दिवस या सगळ्यानंतर येतो. त्याच वयाची पोरं समोर. वादनाच्या वेळी सिगरेट ओढू नका अशी विनंती पंडितजी करतात. ती विनंती करताना त्यांच्या मनात काय धाकधूक असेल! म्हणूनच ट्यूनिंगनंतरचं ते वाक्य मला टोमणा वाटत नाही. आवाज ऐका, त्यात हसू आहे, सैल झालेला माणूस आहे.

आणखी एक. मंचावरचे रविशंकर आणि अली अकबर दोघेही बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्य, अली अकबर तर मुलगा. बाबांचं मूळ गाव शिबपूर, आताच्या बांगलादेशात. अली अकबर तिथेच जन्मले. बाबा तेव्हा मैहरला हयात होते, अगदी थकलेले. रविशंकरांच्या घराण्याचीही मुळं तिकडचीच. ही मंडळी दूरच्या कुणासाठी वाजवत नव्हती. ज्या गावची लोकधून वाजत होती त्या मुलखातली माणसं रस्त्यावर आली होती. हे मनात ठेवून 'बांगला धुन' पुन्हा ऐका.

हिशेबनीस

पैशांची बाजू राहू नये. काठावरचा यांनी विषय काढलाच आहे.

दोन खेळांच्या तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर जमले आणि त्याच महिन्यात युनिसेफकडे गेले. मोठी रक्कम रेकॉर्डी आणि मैफलीच्या चित्रपटातून येणार होती. तिथे घोटाळा झाला. म्हणजे लबाडी नव्हे, कागदपत्रं. कार्यक्रम इतक्या घाईत उभा राहिला की तो आधीपासून युनिसेफच्या नावावर बांधून घेतलाच गेला नाही. अमेरिकेच्या करखात्याने म्हटलं, हे धर्मादाय उत्पन्न ठरत नाही, कर भरा. पैसे वर्षानुवर्षं अडकून पडले. त्यातले बरेच १९८० च्या दशकात मोकळे झाले. ज्या छावण्यांसाठी ते जमवले, त्या तोवर कधीच उठल्या होत्या.

हे वाचलं की माझ्या पोटात कालवतं, कारण स्वतः भोगलंय. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरसाठी आमच्या भागातल्या मंडळाने गाण्याचा कार्यक्रम केला. वाद्यवृंदातल्या एकाही कलाकाराने मानधन घेतलं नाही. लोकांनी मंडळाच्या बोलीभाषेतल्या नावाने चेक दिले, नोंदणी होती भलत्याच लांबलचक नावाने. बँक चेक घेईना. शेवटी घरोघर जाऊन, माफी मागून, चेक बदलून घेतले. आम्ही तांदूळ, सतरंज्या घेऊन पोचलो तेव्हा पहिली निकड सरली होती. एका आजीने सतरंजी घेतली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला मान वर करता आली नाही.

जॉर्ज हॅरिसनच्या वाट्याला हेच कोट्यवधींच्या प्रमाणात आलं. १९८५ साली इथियोपियातल्या दुष्काळासाठी 'लाइव्ह एड' ही मैफल करायच्या आधी गायक बॉब गेल्डॉफने त्याच्याशी बोलून घेतलं, आणि आधी कागदपत्रं पक्की कर हाच धडा त्याला मिळाला. काय बदललं असं विचाराल तर मी हे सांगेन. मदतीसाठी रॉकची एवढी मोठी मैफल ही कल्पनाच इथून सुरू झाली, तिच्या चुकांसकट.

पाचगणीकर

'लाइव्ह एड'चं नाव निघालं म्हणून राहवत नाही. १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्ब्ली, क्वीनची एकवीस मिनिटं. समोर ७२,००० माणसं आणि फ्रेडी मर्क्युरी एकेक आलाप फेकतोय, सगळे तो झेलतायत. तो फ्रेडी म्हणजे आमच्या गावातल्या सेंट पीटर्स शाळेतला फारुख बलसारा. 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड याच शाळेत, १९५८ साली. तिथे तो पियानो वाजवायचा. टेबललँडकडे जाताना शाळेचं फाटक दिसलं की मी अजूनही चाल मंद करतो.

रेकॉर्डवाला

पाचगणीकर, फ्रेडीवर वेगळा धागा काढाच, मी येतो.

मुंबईचा एक धागा या मैफलीशीही जुळतो. सप्टेंबर १९६६ मध्ये जॉर्ज रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला, ताजमध्ये खोट्या नावाने उतरला. मिशी वाढवली होती, तरी लोकांनी ओळखलं आणि हॉटेलबाहेर गर्दी जमली. शेवटी शिकवणी काश्मीरला हलवावी लागली.

पुन्हा आला जानेवारी १९६८ मध्ये, एका चित्रपटाच्या संगीतासाठी. फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण. स्टुडिओला आवाजाचा बंदोबस्त धड नव्हता. रस्त्यावरची रहदारी ओसरेपर्यंत थांबावं लागे. स्टीरिओ टेपयंत्रही मुंबईत नव्हतं, ते कलकत्त्याहून रेल्वेने आणवलं. तिथे आपल्या वादकांबरोबर काम करताना एक जादा ट्रॅक मुद्रित झाला, लंडनला नेऊन त्यावर आवाज चढवला, आणि तो मार्च १९६८ मध्ये बीटल्सच्या सिंगलच्या मागच्या बाजूला आला. 'द इनर लाइट'. बीटल्सच्या सिंगलवर जॉर्जचं गाणं प्रथमच आलं, आणि त्याची वाद्यं आपल्या फोर्टमध्ये वाजलेली आहेत. माझ्याकडे त्या सिंगलची प्रत आहे. मधला भाग झिजलाय, पण सुरुवातीचा शहनाईसारखा स्वर स्वच्छ येतो.

तेव्हा १९७१ ला त्या पोरांना "शांत बसा, हे गंभीर आहे" असं सांगणारा माणूस ते वरवर बोलत नव्हता. जमिनीवर मांडी घालून, पाय आखडेपर्यंत शिकून, मग आपल्याला मोठा सतारिया व्हायचं नाही हे ओळखून तो गिटारकडे परतला होता. डिलनबद्दलचं माझं मत कायम आहे, पण तरफ, तुमच्या क्षणाला आता मी त्याच्या शेजारी बसवतो.

काठावरचा

मीही. हिशेबनीस यांचा प्रतिसाद वाचून गप्प झालो.

मदतीच्या मैफलींचा विषय आहे तर मुंबईतली एक आठवण नोंदवतो. मार्च १९८० मध्ये 'द पोलीस' हा बँड इथे वाजवून गेला. कार्यक्रम होता टाइम अँड टॅलेंट्स क्लबचा, म्हणजे समाजकार्यासाठी निधी जमवणाऱ्या बायकांच्या संस्थेचा. माझा थोरला भाऊ गेला होता. तो सांगतो, पुढच्या रांगांत नटूनथटून आलेली ज्येष्ठ मंडळी बसली होती, आणि थोड्या वेळाने सगळे उभे होते.

मिंडखेच

काल रात्री ती बाजू बाबांसोबत ऐकली. बाबा पंचाहत्तरीचे, तबला वाजवायचे, आता बोटं वळत नाहीत. पाश्चात्त्य काही ऐकत नाहीत. मी काही न सांगता रेकॉर्ड लावली.

हॅरिसन बोलत होता तेव्हा ते पेपर वाचत होते. तबल्यावर पहिली हातोडी पडली तशी त्यांनी पेपर खाली ठेवला. "खाँसाहेब," एवढंच म्हणाले. जुळवणं संपलं, टाळ्या पडल्या. मी त्यांच्याकडे बघत होते, हसतात का म्हणून. हसले नाहीत. मान हलवली, आणि म्हणाले, "लागला होता की."

मग 'बांगला धुन' संपेपर्यंत उजव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर ठेका धरला होता. बाजू संपल्यावर म्हणाले, उलटू नकोस, हीच परत लाव.